परक्या देवाचे डोळे

दोन हजार अठरा साल. माझं वय एकाहत्तर. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती लागून आले होते, शुक्रवारी एक आणि शनिवारी दुसरी, म्हणून साल डोक्यात पक्कं बसलं आहे.

मी कसबा पेठेत मूर्ती करतो. गणपती, गौरींचे मुखवटे, देवळांतल्या जुन्या मूर्तींची डागडुजी. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या ज्याच्या त्यानं मनात दुरुस्त करून घ्याव्यात, मला कळवायला येऊ नये.

आमच्या घरात डोळे शेवटी काढतात. सगळी मूर्ती रंगून वाळली की एका सकाळी अंघोळ करून, काही न खाता, मूर्तीच्या बाजूला बसायचं. समोर बसायचं नाही. डोळे झाले की मूर्तीपुढे आरसा धरायचा. तिची पहिली नजर तिच्या स्वतःवर पडली पाहिजे, करणाऱ्यावर पडू द्यायची नाही. का, ते वडिलांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसराही एक नियम होता. ज्या हातानं देवाचे डोळे उघडायचे, त्या हातानं मेलेल्या माणसाचे मिटायचे नाहीत. वडील गेले तेव्हा त्यांचे डोळे शेजाऱ्यानं मिटले. माझी बायको गेली तेव्हा मुलीनं मिटले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

ही मुलगी एकुलती एक. तिनं येरवड्यातल्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. मी लग्नाला गेलो. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो आणि सगळा वेळ पुढच्या माणसाच्या कॉलरकडे बघत राहिलो. समोरच्या भिंतीवर काय आहे ते बघायचं नाही, असं घरूनच ठरवून गेलो होतो. जावई पुढे चांगला निघाला. त्याचा मला थोडा रागच आहे. राग धरून ठेवायला काही तरी लागतं, ते त्यानं ठेवलं नाही.

त्याची आई म्हणजे माझी विहीण. बाई खमकी. आमचं बोलणं म्हणजे चिमटे. एकदा म्हणाली, "व्याही, तुमचा देव दर वर्षी येतो नि दर वर्षी पाण्यात जातो. आमचा बघा, भिंतीवरून हलत नाही."

"हलेल कसा? खिळे मारून ठेवलाय तुम्ही."

यावर चिडेल असं वाटलं होतं. तिला खोकला येईपर्यंत हसू आलं.

त्या वर्षी पाडव्याच्या आधी तो हलला. त्यांच्या चर्चमधल्या क्रूसाच्या लाकडाला मागून वाळवी लागली होती, वरचा हूक सुटला आणि अख्खा क्रूस मूर्तीसकट तोंडावर पडला. मुलगी माझ्याकडे आली.

"बाबा, एक काम आहे."

"नाही."

"ऐकून तरी घ्या."

"तू 'एक काम आहे' म्हणतेस तेव्हा ते माझं नसतं."

ती बसली. मग सांगितलं. सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी आता हात टेकले होते, हे माहीत नव्हतं. "पुढचा गुड फ्रायडे त्यांना बघायला मिळेल असं वाटत नाही. त्यांचं एकच म्हणणं आहे, यंदाच्या गुड फ्रायडेला भिंतीवर तोच चेहरा दिसायला पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून त्या तोच बघत आल्यात."

"फोटो आणलास?"

मोबाइलमधला लग्नाचा फोटो दाखवला. पुढे नवरा-नवरी, मागे भिंतीवर क्रूस. चेहरा मसुराच्या दाण्याएवढा, तोही खाली झुकलेला आणि सावलीत. फोटो मोठा केला तर नुसते चौकोन दिसायला लागले.

"पूर्वी होता तसाच करा," ती म्हणाली. चर्चचे फादर फोनवर तेच म्हणाले. जावई तेच म्हणाला. होता तसाच. कसा होता, ते कुणी सांगितलं नाही. त्यांना ते सांगायची गोष्ट वाटली नाही, मला ती विचारायची गोष्ट वाटली नाही.

टेम्पोतून आला. क्रूस माझ्या दारातून आत जाईना. मग खिळे काढून मूर्ती वेगळी केली आणि लाकूड बोळात भिंतीला टेकवून ठेवलं. दुपारी पाहतो तर शेजारच्या बाईनं त्याच्या आडव्या दांडीवर ओला टॉवेल वाळत घातलेला.

"काढा तो."

"का? लाकूडच आहे ना?"

"लाकूडच आहे. तरी काढा."

तिनं काढला. मला स्वतःलाच कळलं नाही की मी का बोललो. मूर्ती आत होती. बाहेर नुसत्या दोन फळ्या होत्या, एक उभी, एक आडवी. पण माणूस उतरवून नेल्यावर पलंग जसा दिसतो तशा त्या दिसत होत्या.

मूर्ती लाकडाची, वर खडू आणि सरसाचं लिंपण, त्यावर रंग. माझ्या छातीपर्यंत उंच. अंग ठीक होतं. चेहऱ्याचं लिंपण पार गळून पडलेलं, आणि खालचं लाकूड वाळवीनं पोखरलेलं, भुगा. नाकाच्या वर काहीच शिल्लक नव्हतं. मी ती भिंतीला दोरीनं उभी बांधली. दोन्ही हात पसरलेले, खोली अरुंद. माठाकडे जायचं तर त्याच्या हाताखालून वाकून जावं लागे. एवढ्या आयुष्यात मी कुणापुढे इतका वाकलेलो नाही.

पोखरलेलं काढलं, भरून घेतलं, चेहरा उभा केला. हाडं कशी असावीत ते उरलेल्या हनुवटीवरून कळत होतं. जखमा मुलीला विचारून रंगवल्या. तळहात, पाय, कपाळावरचे काटे, आणि उजव्या कुशीतली ती लांब चीर. चीर चांगली साधली. माणसाच्या अंगात रक्त कसं काळं पडत जातं ते मी पाहिलेलं आहे.

मग डोळ्यांची सकाळ आली. अंघोळ केली, उपाशी राहिलो. आरसा नेहमीच्या खिळ्याला टांगलेला होता. तो उतरवायला हात गेला आणि मनात आलं, परक्या देवाला कशाला आरसा? त्यांच्यात असलं काही नसणार. हात मागे घेतला. आणि मान झुकलेली असल्यामुळे बाजूला बसून भागेना. खाली, अगदी समोर बसून वर बघत काढावे लागले. उजव्या डोळ्यातला शेवटचा ठिपका दिला, कुंचला बाजूला केला, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर म्हातारा काहीतरी बरळतो असं वाटेल. आमचे देव समोर बघतात. त्यांची नजर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाते. म्हणून घरात गणपती दहा दिवस असतो तरी माणूस त्याच्यापुढे जेवतो, भांडतो, झोपतो. याची मान खाली होती. त्यामुळे नजर जमिनीवर येत होती, आणि माझ्या धंद्यात माणूस जमिनीवरच बसतो. मी जिथे बसायचो बरोबर तिथे ती पडत होती.

बसायची जागा बदलली. जरा वेळ बरं वाटलं. मग मान वर केली तर तो तिथेही बघत होता. याला कारण आहे, बुबुळ मधोमध काढलं की तसं होतं, मला माहीत आहे, मीच काढलं होतं. पण माहीत असून उपयोग झाला नाही. दुपारी पाठ करून जेवायला बसलो, तरी दोन-दोन घासांनी मागे वळून बघत होतो. शेवटी चादर टाकली. पंख्याच्या वाऱ्यानं ती तोंडापाशी आत जायची, बाहेर यायची. मी पंखा बंद केला. चैत्रातल्या उन्हाळ्यात घामाघूम होऊन बसलो, पण पंखा लावला नाही.

तो रागानं बघत असता तर मी त्याला उलट बघून घेतलं असतं. तसं नव्हतं. पलंगावरचं माणूस बघतं तसा बघत होता. काही मागायचं असतं, आणि कुणाकडे मागायचं ते कळत नसतं. बायको शेवटचे दोन दिवस तशीच बघत होती.

बुधवारी फादर आले. तरुण, वसईकडचे. मी चादर काढली. त्यांनी खाली बसून वर चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबा, काम फार सुंदर झालंय."

"पण?"

"हा मेलेला आहे."

"म्हणजे?"

"आमच्या क्रूसावर त्याचे डोळे मिटलेले होते. मान टाकलेली आहे ना, ती प्राण गेल्यावरची. आणि ही कुशीतली जखम, ती तर मेल्यानंतरचीच. मेला की नाही बघायला शिपायानं भाला मारला होता."

मी चिरीकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. खाली मेलेल्या माणसाची जखम आणि वर जित्या माणसाचे डोळे. एकाच मूर्तीत मी दोन्ही करून बसलो होतो.

"आम्ही मेलेल्याची मूर्ती करत नाही," मी म्हणालो. "मला सांगायला पाहिजे होतं."

"बरोबर आहे तुमचं. चूक आमचीच." माणूस भला होता. वर आणखी म्हणाला, "आणि अगदी चूकही नाही, बाबा. फार जुन्या काळी काही ठिकाणी असाच करायचे. डोळे उघडे, अंग ताठ, डोक्यावर मुकुट. क्रूसावर असून राजासारखा. मरणाला हरवलं, असा त्याचा अर्थ. नंतर नंतर लोकांना त्याचं दुःख बघायचं होतं, तेव्हा मान झुकली, डोळे मिटले. काही पंथांत तर मूर्ती ठेवतच नाहीत, नुसता रिकामा क्रूस. तो उठून गेला, म्हणून रिकामा."

मला बोळातल्या दोन फळ्या आठवल्या.

"मग राहू दे का असाच?"

"राहू द्या. मी लोकांना समजावून सांगेन. आता वेळही नाही."

सुटलो असं वाटलं. चूक नाही, जुनी पद्धत आहे, खुद्द फादर म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी सुखानं पाठवून दिला असता. पण मुलीनं मोबाइलवर फोटो काढून सासूला दाखवला होता, आणि संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, उद्या येऊन जा. सासूबाई बोलवतायत."

गुरुवारी येरवड्याला गेलो. विहीणबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. आवाज मात्र तेवढाच.

"या व्याही. हा कोण करून ठेवलात?"

"तुमचाच आहे."

"माझा नाही. हा माझ्याकडे बघतोय."

"फादर म्हणाले, जुन्या काळी..."

"फादर लहान आहेत. त्यांचं अजून कुणी गेलेलं नाही." त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं. मग म्हणाल्या, "माझा धाकटा गेला ते तुम्हाला ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. लहानपणीच गेला, नदीत. त्यापुढे कधी विषय निघाला नव्हता.

"तेव्हा रोज चर्चमध्ये जायचे मी. प्रार्थना नाही हो. शिव्या द्यायला. समोर बसून वाटेल ते बोलले त्याला. घरात बोलता येत नव्हतं, नवरा बघायचा. बाहेर गेलं की सगळी आळी बघायची, आता ही रडेल, आता पडेल. एक तोच बघत नव्हता. मान टाकून, डोळे मिटून. त्याचंही सगळं संपलेलं, माझंही. म्हणून तर बोलता आलं. हा तुमचा असा बघत बसला असता, तर मी तोंड उघडलं असतं का?"

मी म्हणालो, "आमच्यात एकदा उघडलेले डोळे मिटत नाहीत."

"सगळ्यांचे मिटतात."

"देवाचे मिटत नाहीत. आणि माझ्या हाताला ते चालत नाही. वडिलांचा नियम आहे."

"मग ठेवा तुमचा नियम. लावा त्याला तसाच. मी शुक्रवारी घरीच बसेन." आणि भिंतीकडे तोंड केलं. तसं तोंड फिरवलेलं माणूस परत आपल्याकडे बघेल याचा भरवसा नसतो. मी थोडा वेळ थांबलो. चहा आला होता, तो तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या मारुतीचे लोक आले. दर वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी त्याला नवा शेंदूर चढतो आणि डोळे मी काढतो. वडिलांनंतर मीच. "शेंदूर लागलाय, कधी येताय?" असं विचारत होते. मी दारातच उभा राहिलो. आत मुलगी होती, ती टेम्पोची वाट बघत बसली होती. मी म्हणालो, "सांगतो थोड्या वेळानं."

आत आलो. चादर काढली. तो बघत होता. मुलगी म्हणाली, "आईचे मी मिटले, बाबा. याचेही मिटले असते. पण मला हे काम येत नाही."

तिनं टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

खडू आणि सरस कालवलं, जरा घट्टसर. खरवडून काढायचे तर वेळ नव्हता, आणि खरवडणं माझ्यानं झालं नसतं. डोळ्यांवरूनच लेप दिला. पहिल्यांदा चाकूनं लावून बघितलं, पापणीला गोलाई येईना. मग अंगठा घेतला. वरून खाली, हलक्यानं ओढत आणला. लेप गार होता. अंगठ्याखाली बुबुळाचा उंचवटा लागला, अगदी माणसाच्या पापणीखाली लागत असेल तसा. लागत असेल म्हणतो, कारण मला तोवर माहीत नव्हतं. डावा झाला. उजवा झाला. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. कडेला पातळ तपकिरी रेघ ओढली, रंग दिला, हात धुतले. पुन्हा धुतले.

मग मारुतीच्या देवळात निरोप पाठवायचा, तर स्वतःच गेलो. पायरीखाली उभं राहून सांगितलं, "डोळे यंदा दुसऱ्याकडून करून घ्या. मला सुतक आहे."

"अरेरे. कोण गेलं?"

"लांबचं आहे."

मूर्ती बोळातून टेम्पोपर्यंत न्यायची होती. चादरीत गुंडाळली, चौघांनी खांद्यावर घेतली. मागून दोघे क्रूस घेऊन. भाजीवाला उठून उभा राहिला, टोपी काढली. टॉवेलवाल्या बाईनं हात जोडले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मी मागून चाललो, अनवाणी. चप्पल घालायची राहिली होती, की घातली नाही, आता सांगता येत नाही.

तीनच्या प्रार्थनेला विहीणबाई व्हीलचेअरवर आल्या. क्रूसावर जांभळं कापड होतं; त्यांच्यात त्या दिवसांत तो झाकूनच ठेवतात. फादरनी थोडं थोडं करत ते उतरवलं. मी शेवटच्या बाकावर होतो, पण या वेळी कॉलरकडे बघितलं नाही. विहीणबाईंनी मान वर केली. किती तरी वेळ तशाच होत्या. ओठ हलत होते. प्रार्थना करत होत्या की दुसरं काही, ते त्यांचं त्यांना माहीत. मग लोक ओळीनं पायाचं चुंबन घ्यायला गेले, तसं जावयानं त्यांनाही नेलं.

सगळ्यांना वाटत होतं, डोळे मिटलेत. मला दिसत होतं की पापण्यांच्या आत मी काढलेले ते दोन तसेच आहेत. पुसले नव्हते, नुसते झाकले होते. आणि मान खालीच होती.

परतताना खुर्ची माझ्या बाकापाशी थांबली. "व्याही, डावी पापणी जाड झालीय."

"ओली आहे. वाळली की बसेल."

"बरं." मग हळूच, "तोच आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा, आता घरीच चला. जेवून जा."

"नको. सुतक आहे."

"कुणाचं?"

मी हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. विहीणबाईंनी आधी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, परवा उठतो तो. दहा दिवस धरून बसू नका."

"उठला की कळवा," मी म्हणालो.

घरी आलो. भिंतीला बांधायची दोरी तशीच लोंबत होती. माठाकडे गेलो तर वाकून गेलो. वर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, उजाडायच्या आत मारुतीच्या देवळापाशी गेलो. आत पाळण्याची गर्दी होती. मी पायरीखाली उभा राहिलो, आत शिरलो नाही. डोळे दुसऱ्या कुणी तरी काढले होते. वाईट नव्हते. सूर्य उगवला, घंटा वाजल्या, गुलाल उधळला. सुंठवडा वाटत वाटत एक जण बाहेर माझ्यापर्यंत आला. मी हात पुढे केला नाही.